जुन्या आरएक्स-७ चा मागचा एक्सल बदलायचाय – हायलक्स, नऊ इंची, की आहे तोच नीट करू?

यर्राकाठचा

नमस्कार मंडळी. या विभागात रोटरीवाले (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या इंजिनाचे वेडे) किती उरलेत कल्पना नाही, पण मागे एका धाग्यावर दोन-तीन जण दिसले होते म्हणून धीर करून विचारतोय. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो.

गाडी १९८२ ची माझदा आरएक्स-७, पहिली पिढी, इथे ऑस्ट्रेलियात हिला सिरीज टू म्हणतात. मी मेलबर्नला असतो, मूळ साताऱ्याचा. इंजिन १२ए च आहे पण आधीच्या मालकाने ब्रिजपोर्ट करून (हवा आत येण्याची भोकं मोठी करून) वर ४८ चा वेबर डाउनड्राफ्ट चढवलाय, त्यामुळे आयडलला नुसतं ब्रॅप ब्रॅप ब्रॅप, गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही की मी निघालोय म्हणून. गिअरबॉक्स कंपनीचाच पाच स्पीड, डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) कंपनीचा ३.९०९ रेशोचा, म्हणजे शाफ्ट इतके फेरे फिरला की चाक एकदा फिरतं, एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी यंत्रणा) नाही, मागे ड्रम ब्रेक.

आता दुखणं. ऐंशीच्या पुढे डिफ रडायला लागतो, पाय दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा. पहिल्या गिअरला क्लच सोडला की मागून टक् असा आवाज. परवा एक्सल बाहेर काढले तर डाव्या एक्सलच्या स्प्लाइनना (टोकाच्या खाचांना) चक्क पीळ पडलाय, नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

पुढचा बेत असा की दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मधलं म्हणजे एफसीचं १३बी टर्बो इंजिन टाकायचं, त्याच गाडीच्या टर्बो टू गिअरबॉक्ससकट, आणि ३०० एचपीच्या आसपास थांबायचं. त्याआधी मागची बाजू मजबूत करून घ्यावी असं डोक्यात आहे. वापर म्हणाल तर रविवारची भटकंती, ग्रेट ओशन रोड वगैरे, अधूनमधून विंटनला ट्रॅक डे आणि हीथकोटला पाव मैलाची हौस. गाडी क्लब परमिटवर (जुन्या गाड्यांची मर्यादित वापराची नोंदणी) आहे.

जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो फोर्डचा नऊ इंची टाक आणि विसरून जा, दुसरा म्हणतो टोयोटा हायलक्सचा डिफ छोटा करून टाक, तिसरा म्हणतो कमोडोर टर्बोचा बोर्गवॉर्नर टाक. एकाने तर सरळ डिफ वेल्ड करून टाक म्हणून सांगितलं. काय करू? रेशो कुठला घेऊ? आणि मागे जी वॉट्स लिंकेज (एक्सलला आडवं सरकू न देणारी दांड्यांची जोडणी) आहे ती ठेवायची की काढायची?

ब्रॅपबाबा_सिडनी

अरे वा, आपल्यात अजून एक येडा आहे म्हणायचा! 

सरळ उत्तर देतो भाऊ, नऊ इंची. बाकी चर्चा नकोच. फोर्डने १९५७ पासून १९८६ पर्यंत बनवला, आणि आज तीस-चाळीस वर्षांनीही त्याचा एकेक पार्ट नवा कोरा मिळतो, यातच सगळं आलं. पिनियनला (क्राऊन म्हणजे डिफमधला मोठा गिअर, त्याला फिरवणारा छोटा गिअर) मागच्या टोकाला तिसरं बेअरिंग आहे त्यामुळे लोड आला की पिनियन क्राऊनपासून लांब पळत नाही. पूर्ण सेंटर (गिअरसकट आतला गाभा) पुढून बाहेर निघतो, म्हणजे ट्रॅकवर एक रेशो आणि रस्त्यावर दुसरा असं करायचं तर दोन सेंटर ठेवायचे, दुपारच्या जेवणाआधी बदलून मोकळा. ३१ स्प्लाइनचे नवे एक्सल बनवून घे, एलएसडी टाक, परत खाली बघायची गरज नाही.

सिडनीच्या ड्रॅगला जेवढ्या जोरात पळणाऱ्या रोटरी बघशील त्यात निम्म्यांच्या खाली हाच निघेल. तू आज ३०० म्हणतोयस, टर्बो लागला की माणूस तिनशेवर थांबत नाही, लिहून ठेव. मग दोनदा खर्च कशाला?

वेल्डेड डिफ सांगणाऱ्याशी मैत्री तोड. पार्किंगमध्ये वळताना टायर किंचाळतात, पावसात गाडी स्वतःच ठरवते कुठे जायचं ते, आणि रस्त्यावर तो पासही होणार नाही.

शिम_आणि_प्ले

यर्राकाठचे, मी पिंपरीला गिअर असेंब्लीत आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. रोटरी इंजिन मी हातात कधी घेतलेलं नाही त्यामुळे त्यावर बोलणार नाही. पण क्राऊन पिनियनला वरती कुठलं इंजिन आहे हे कळत नसतं, त्याला फक्त टॉर्क कळतो आणि झटका कळतो, तेव्हा तेवढ्यापुरतं लिहितो.

नवीन डिफ कुठला घ्यायचा हे नंतर बघा, आधी जुना का मेला ते बघा. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती एका आजाराची नाहीत, दोन आहेत. पाय दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, याचा अर्थ पिनियन जागेवर नाही. बहुतेक पिनियनचं बेअरिंग झिजलंय, प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला ताण) गेलाय, दाब आला की पिनियन मागेपुढे सरकतोय आणि दातांचा ठसा हलतोय. चाळीस वर्षांच्या गाडीत यात नवल काही नाही. बेअरिंगचाच आवाज असता तर तो घरघर असा, गाडीच्या स्पीडबरोबर वाढणारा असता, पाय सोडल्याने फार फरक पडला नसता.

टक् हा आवाज मात्र सगळीकडचा प्ले (ढिलेपणा) मिळून होतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफच्या पोटातल्या छोट्या गिअरमागचे थ्रस्ट वॉशर, एक्सलच्या स्प्लाइन, सगळ्यांचा थोडाथोडा.

पण स्प्लाइनना पीळ पडणं हे झीज नाही. तो मार आहे. पीळ कुठल्या बाजूला आहे बघा. गाडी पुढे ओढताना ज्या दिशेला पडेल त्याच दिशेला असेल, तर कुणीतरी हजारो आरपीएमला क्लचवरून पाय सटकन काढून गाडी उडवलेली आहे, एकदा नाही अनेकदा. आता मला सांगा क्लच प्लेट कुठली आहे? नेहमीची लायनिंगवाली, मधे स्प्रिंग असलेली, की बटणांची?

यर्राकाठचा

काका, बरोबर ओळखलंत. पीळ पुढे ओढण्याच्याच दिशेला आहे. आणि क्लच सहा बटणांचा आहे, मधे स्प्रिंग नाहीत, सॉलिड हब. आधीच्या मालकाने गाडीबरोबर दोन रुंद ड्रॅग स्लिक टायरही (गुळगुळीत, जबर पकडीचे) दिले होते, शेडमध्ये पडलेत, त्यावरून काय ते समजलो.

कट्ट्यावरचा_पक्या

काय रे एवढा खटाटोप, तेवढ्या पैशात एखादी नवीन इलेक्ट्रिक येईल, डिफही नाही क्लचही नाही 😄

ब्रॅपबाबा_सिडनी

पक्या, तू वाट चुकलास बाळा, स्वयंपाकाचा विभाग बाजूला आहे.

ऑकलंडची_सई

काकांनी नेमकी नस पकडली. मी ऑकलंडला असते, माझ्याकडे १९७३ ची आरएक्स-३ आहे, हायलक्सच्या डिफवर. त्यामुळे मी एका बाजूची वकील आहे हे धरूनच वाचा.

आधी आकडे करून बघू कारण रोटरीत लोक एचपी ऐकून घाबरतात आणि टॉर्क बघत नाहीत. स्टॉक १२ए म्हणजे १०० एचपीच्या आसपास आणि टॉर्क साधारण १४२ न्यूटन मीटर. हे ब्रिजपोर्ट केल्यावर पॉवर वाढते ती वरच्या आरपीएमला, खालचा टॉर्क उलट कमीच होतो. पहिला गिअर ३.६७४ गुणिले डिफ ३.९०९ म्हणजे १४.३६. म्हणजे स्टॉक इंजिनसुद्धा पहिल्या गिअरला मागच्या एक्सलवर दोन हजार न्यूटन मीटरच्या वर टॉर्क टाकतं.

आता दुसऱ्या टोकाकडून या. गाडी साधारण १०५० किलोची. निघताना वजन मागे येतं, समजा ६०० किलो मागच्या चाकांवर आले. रस्त्याच्या टायरची पकड १ धरली आणि टायरची त्रिज्या २९३ मिमी धरली (२०५/५० आर१५), तर दोन्ही चाकं मिळून सव्वासतराशे न्यूटन मीटरला टायर फिरायला लागणार. त्यापुढे इंजिनाने कितीही ताकद लावली तरी डिफमधून सलगपणे तेवढंच जातं. रस्त्याचा टायर हाच फ्यूज. तुझ्या आधीच्या मालकाने फ्यूज काढून जाड तार लावली, म्हणजे स्लिक, आणि वर स्प्रिंग नसलेला बटण क्लच ८००० ला सोडला. त्या क्षणी इंजिनाचा टॉर्क नाही, फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा एका झटक्यात शाफ्टमधून जाते. मोडणार नाही तर काय.

म्हणून प्रश्न किती एचपी हा नाहीच. तू स्लिकवर लाँच करणार आहेस का, एवढाच आहे. करणार असशील तर ब्रॅपबाबा बरोबर आहेत, नऊ इंची टाक. रस्त्याच्या टायरवर चालवणार असशील तर नऊ इंची तुझ्या गाडीला जड आहे. हा सगळा भार स्प्रिंगच्या खालचा, विंटनला खडबडीत कर्बवरून जाताना मागची बाजू कशी नाचते ते बघशील. शिवाय त्याचा पिनियन क्राऊनच्या मध्यापासून जवळपास ६० मिमी खाली असतो, म्हणून दात एकमेकांवर घसरतात जास्त, म्हणून मजबूत आणि म्हणूनच घर्षण जास्त, तेल तापतं जास्त. ज्या इंजिनाकडे मुळात टॉर्कची बोंब आहे त्याला हा भुर्दंड कशाला.

हायलक्सचा डिफ आठ इंचाच्या आसपासचा, ३० स्प्लाइन, सेंटर याचाही पुढूनच निघतो, आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात प्रत्येक भंगारवाल्याकडे सापडतो. हौसिंग छोटं करायचं, सहा नटांचे हब जाऊन त्याजागी ५×११४.३ चे नवे एक्सल बनवून घ्यायचे. जुना एक्सल कापून जोडणं हा विषयच नको, आणि ज्याची जाडी मधे कमी होते असा शाफ्ट छोटा करून पुन्हा स्प्लाइन पाडताही येत नाहीत. नवेच करायचे, चांगल्या मिश्रधातूचे.

रेशोबद्दल रात्री लिहिते, मुलाला स्विमिंगला सोडायचंय.

डेट्रॉईटकर

अमेरिकेतून आपले दोन सेंट. इथे १९८४-८५ ला जीएसएल-एसई नावाचं मॉडेल आलं होतं, हीच बॉडी पण १३बी इंजिन, १३५ एचपी. त्याचा मागचा एक्सल तुमच्यापेक्षा मोठा, रेशो ४.०८, कारखान्यातूनच डिस्क ब्रेक आणि प्लेटांची एलएसडी. हा पूर्ण एक्सल पहिल्या पिढीच्या आरएक्स-७ ला कापाकापी न करता बसतो, सगळे ब्रॅकेट जागच्या जागी, वॉट्स लिंकेजसकट. फक्त तुमचा नट पॅटर्न ४×११० आहे आणि याचा ४×११४.३, त्यामुळे पुढचे हबही बदलावे लागतात नाहीतर पुढे एक चाक मागे एक.

रस्त्याच्या टायरवर टर्बो १३बी यावर चालवणारे इथे आहेत. पण खरं सांगायचं तर आता चांगला एक्सल मिळणं मुश्कील झालंय, आणि त्याचे क्राऊन पिनियन गेले तर शोधत बसा. अमेरिकेतून मेलबर्नला एवढं धूड पाठवायचं भाडं बघितलंत तर हायलक्स स्वस्त वाटेल. मी फक्त पर्याय सांगितला.

आणखी एक, इथले लोक एक्सप्लोररचा ८.८ इंची टाकतात. ३१ स्प्लाइन, डिस्क ब्रेक, ५×११४.३, सगळं छान. पण त्यात एक्सल आतल्या बाजूला सी-क्लिपने अडकवलेले असतात, शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर यायला बघतो. ते बदलायचं किट मिळतं, पण मग हायलक्स किंवा नऊ इंचीत ती भानगडच नाही, त्यात एक्सल बाहेरच्या बाजूला धरलेला असतो.

यर्राकाठचा

सईताई, फ्यूजवालं डोक्यात बसलं एकदम. स्लिक विकून टाकतो, तसंही मला पाव मैल किती सेकंदात यापेक्षा आवाज ऐकायलाच जायचं असतं. बोर्गवॉर्नरबद्दल कुणीच बोललं नाही? इथे स्वस्तात मिळतो म्हणून विचारतोय.

ब्रॅपबाबा_सिडनी

बोर्गवॉर्नर ७८ वाईट नाही, व्हीएल कमोडोर टर्बोत २८ स्प्लाइनचा यायचा, इथल्या आर३१ स्कायलाइनमध्येही तोच बोर्गवॉर्नर. पण त्याला मागून झाकण आहे, रेशो बदलायचा तर गाडीखाली झोपून सगळं सेटिंग तिथेच. आणि कमोडोरवाल्यात बहुतेक ३.४५ वगैरे मिळतो, रोटरीला तो रेशो म्हणजे उपासमार. ४.११ शोधायला गेलास की स्वस्तपणा संपला.

आणि सई, स्लिक विकायला निघाला म्हणून मी माघार घेतली असं नाही हां. तिनशेवर थांबणार नाही हे माझं वाक्य लक्षात असू द्या.

ऑकलंडची_सई

रेशो. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात कारण डिफ आणि गिअरबॉक्स वेगवेगळे विचारात घेतात.

तुझा आत्ताचा पाचवा गिअर ०.८२५. २०५/५० आर१५ टायरचा परीघ साधारण १.८४ मीटर, म्हणजे ताशी १०० ला चाक मिनिटाला ९०५ वेळा फिरतं. गुणिले ३.९०९ गुणिले ०.८२५, इंजिन २९०० च्या थोडं वर. आता टर्बो टू गिअरबॉक्सचा पहिला ३.४८३ आहे, तुझ्यापेक्षा उंच, आणि पाचवा ०.७१९, तोही उंच. तोच ३.९०९ ठेवलास तर गाडी निघताना सुस्त वाटेल, आणि टर्बो जागा होईपर्यंत तू जांभई देशील.

त्याऐवजी ४.१ घे. ३.४८३ गुणिले ४.१ म्हणजे १४.२८. तुझा आत्ताचा एकूण पहिला किती होता, १४.३६! म्हणजे निघताना गाडी आहे तशीच वाटणार आणि हायवेला १०० ला २६७० च्या आसपास, म्हणजे आजच्यापेक्षा अडीचशेने कमी. दोन्ही हातात लाडू. ४.३ घेतलास तर १०० ला २८०० आणि पहिला जास्त चपळ, १२ए ब्रिजपोर्ट ठेवणार असतास तर मी हाच म्हटलं असतं. ४.५५६ हायलक्समध्ये मिळतो म्हणून स्वस्त पडतो, पण टर्बोला त्याची गरज नाही, पहिला गिअर लागला न लागला तोच दुसरा टाकावा लागेल.

प्रोपेलर शाफ्ट नवा बनवावाच लागेल, गिअरबॉक्स आणि डिफ दोन्हीकडचे फ्लँज बदलतात. इथे रोटरीवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं, कारण आपण ८-९ हजार फिरवतो. चौथा गिअर १:१, म्हणजे चौथ्यात शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो. ७६ मिमी व्यासाचा पातळ भिंतीचा स्टीलचा पाइप १.२ मीटर लांब असेल तर गणिताने तो ८७०० च्या आसपास दोरीउडीच्या दोरीसारखा वाकायला लागतो. तोच एक मीटरचा असेल तर साडेबारा हजार. लांबी थोडी कमी झाली की एवढा फरक, कारण लांबीच्या वर्गाने जातं. रस्त्यावर तू चौथ्यात ९००० ला कधी पोचणार नाहीस, ४.१ ला तो ताशी २४० च्या पुढचा स्पीड आहे. पण शाफ्ट बनवणाऱ्याला तुझा सर्वात जास्त आरपीएम आणि लांबी दोन्ही सांग, आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय आणू नकोस.

इंजिन बदलशील तेव्हा फ्लायव्हीलचं मागचं काउंटरवेट इंजिनाच्या रोटरप्रमाणे हवं, १२ए चं १३बी ला चालत नाही. पिस्टन इंजिनातून आलेले मेकॅनिक हे हमखास विसरतात. आणि फ्लायव्हीलचा तो ५४ मिमीचा एकच मोठा नट, चारशे न्यूटन मीटरच्या वर टॉर्क लागतो, इम्पॅक्ट गनने अंदाजे मारणाऱ्याला हात लावू देऊ नकोस. क्लच घेताना स्प्रिंग असलेल्या हबचा घे, नाहीतर नव्या डिफचं पण तेच होणार.

शिम_आणि_प्ले

सईबाई, तुमचं गणित वाचून बरं वाटलं.

मी सेटिंगबद्दल लिहितो कारण हायलक्सचा असो वा कुणाचा, भंगारातून आणलेला सेंटर जसाच्या तसा बसवणारे बरेच असतात आणि मग तोही रडतो. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र लॅप केलेली असते. एकाचा क्राऊन दुसऱ्याचा पिनियन कधीच नाही. बेअरिंगं सगळी नवी. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), प्रीलोड स्पेसरने. तो चेपणारा स्पेसर असेल तर तो एकदाच वापरायचा, नट जास्त आवळला गेला तर सैल करून परत आवळता येत नाही, नवा स्पेसर. सॉलिड स्पेसर मिळत असेल तर जास्त आरपीएमच्या गाडीला तोच बरा, वेळ खातो पण नंतर हलत नाही.

दातांना प्रशियन ब्लू किंवा मार्किंगची पिवळी पेस्ट लावा, क्राऊनला हाताने अडवून फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे. मुळाकडे आला तर जास्त आत घुसलाय. आतल्या टोकाकडे किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन डावीउजवीकडे हलवा, म्हणजे बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बदला. बॅकलॅश डायल लावूनच मोजायचा, क्राऊनवर चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी वेगळा आला तर क्राऊनच वाकडा बसलाय. आकडा त्या डिफच्या मॅन्युअलमधला घ्या, माझ्या नाही. आणि ठसा दाब देण्याच्या बाजूचाही बघा आणि सोडण्याच्याही, तुमचा आत्ताचा डिफ दोन सुरात का गातो ते तिथे दिसेल.

हौसिंग छोटं करताना वेल्डिंगने नळी वाकते. वाकतेच. आत बेअरिंगच्या जागी बुश घालून त्यातून सरळ बार ओवला असेल आणि वेल्डनंतरही तो बार हाताने सरकत असेल तरच हौसिंग सरळ. नाहीतर नवे एक्सल, नवी बेअरिंगं सगळं घालूनही ऑइल सील दर सहा महिन्यांनी गळणार. ज्याच्याकडे देणार त्याला आधी विचारा, बार आहे का. नसेल तर चहा पिऊन परत या.

नवीन जोडीला पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवायचं, थंड होऊ द्यायचं, परत तसंच. पहिलं तेल लवकर बदलायचं. एलएसडी प्लेटांची असेल तर तेलात तिचं ॲडिटिव्ह, नाहीतर वळताना कुरकुरते.

यर्राकाठचा

काका, हे सगळं प्रिंट काढून शेडच्या भिंतीला लावतोय.

वॉट्स लिंकेजचं राहिलंच की. आणि कागदपत्रं?

ऑकलंडची_सई

माझ्या आरएक्स-३ ला मागे पाटे आहेत त्यामुळे डिफ बदलणं म्हणजे दोन पॅड वेल्ड केले, यू-बोल्ट आवळले, झालं. तुझ्याकडे चार लिंक, कॉइल स्प्रिंग आणि वॉट्स, आणि वॉट्सची मधली फिरती पट्टी डिफच्या हौसिंगवरच बसते. म्हणजे खालच्या दोन हातांचे ब्रॅकेट, वरच्या दोनचे, स्प्रिंगच्या बैठका, शॉकचे कान आणि वॉट्सचा पिव्होट, सगळं नव्या हौसिंगवर अचूक जागी यायला हवं. जुनं हौसिंग जिगवर ठेवून मापं घे, मग ब्रॅकेट काप, उलटं करू नकोस.

या गाडीचं एक जुनं दुखणं आहे, वरच्या लिंक छोट्या आणि तिरक्या असल्याने गाडी खाली बसवली की मागचा एक्सल कलताना अडकतो, आणि वळणात मागची बाजू अचानक सुटते. म्हणून ट्रॅकवाले वरच्या दोन्ही काढून डिफच्या डोक्यावर एकच लांब तिसरी लिंक घालतात आणि वॉट्सच्या जागी पॅनहार्ड रॉड (एकच आडवी दांडी). हौसिंग नवंच बनतंय तर हे आत्ताच करून घेणं सोपं. पण त्या तिसऱ्या लिंकचा सगळा जोर बॉडीच्या पत्र्यावर येतो, तिथे आतून मजबुती दिल्याशिवाय नको. गाडी फार खाली केलेली नसेल तर वॉट्स ठेव, ती वाईट नाही, उलट एक्सलला सरळ वरखाली नेण्यात पॅनहार्डपेक्षा सरसच.

पिनियनचा कोन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टला समांतर, गाडी चाकांवर उभी असताना, तुझं वजन सीटवर धरून. हे हवेत जॅकवर मोजलं की घरघर आलीच.

कागदांचं व्हिक्टोरियात ब्रॅपबाबांना विचार, आमच्याकडे एलव्हीव्ही (बदल केलेल्या गाड्यांचं) सर्टिफिकेशन असतं आणि सर्टिफायरला वेल्डिंग करायच्या आधी भेटलं की पुढचे वाद वाचतात.

ब्रॅपबाबा_सिडनी

मी न्यू साउथ वेल्सचा, पण व्हिक्टोरियात व्हॅसवाले (बदल केलेल्या गाड्या तपासून मंजुरी देणारे) इंजिनिअर असतात, त्यांच्यापैकी एकाला गाठ. क्लब परमिट आहे म्हणून सुटका असं समजू नकोस. मागे डिस्क टाकणार असशील तर ब्रेकचा बॅलन्स तो बघणारच, मास्टर सिलिंडर आणि मागचा प्रेशर कमी करणारा व्हाल्व्ह, आणि हँडब्रेक केबल. हँडब्रेकला लोक शेवटी आठवतात आणि तिथेच अडकतात. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यामुळे डिफचा रेशो आणि टायर बदलला की तो खोटं बोलणार, तेही दुरुस्त कर.

बाय द वे, ज्यांना वाटतं ही गाडी नाजूक आहे त्यांच्यासाठी, १९८३ ची ऑस्ट्रेलियन टुरिंग कार चॅम्पियनशिप ॲलन मॉफॅटने याच आरएक्स-७ मध्ये मारली होती, समोर व्ही-८ कमोडोर असताना. एवढंच.

यर्राकाठचा

ठरलं मंडळी. टर्बो इंजिन यायला अजून वेळ आहे, तोवर १२ए वरच. म्हणून आत्ता फक्त स्प्रिंगवाला क्लच आणि चांगला सेकंडहँड डावा एक्सल टाकून गाडी चालू ठेवतो, कंपनीच्या डिफला पिनियनचं बेअरिंग बदलून घेतो. समांतर हायलक्सचं हौसिंग बनवायला टाकतो, ४.१, हेलिकल एलएसडी, मागे डिस्क, वॉट्स राहू देतो. डँडेनाँगला एकजण डिफ छोटे करतो, त्याला फोन करून पहिला प्रश्न विचारला बार आहे का. आहे म्हणाला, आणि हसला.

ब्रॅपबाबा, नऊ इंचीबद्दल रागावू नका.

ब्रॅपबाबा_सिडनी

रागावतोय कशाला. माझ्याकडे जुन्या प्रोजेक्टचा हायलक्सचा ४.१ चा सेंटर पडलाय, दात बघितलेत, चांगले आहेत, बेअरिंग मात्र नवी घालावी लागतील. हवा असेल तर सिडनीहून घेऊन जा.

शिम_आणि_प्ले

घ्यायच्या आधी दातांचे फोटो दोन्ही बाजूंनी टाका इथे. उजेड तिरका पडला पाहिजे, समोरून फ्लॅश मारलेला नको, त्यात काही दिसत नाही.

यर्राकाठचा

बाबा, शनिवारी काकांनी सांगितल्याप्रमाणे फोटो काढाल का? आणि पिनियनचा फ्लँज त्यावर आहे की नाही तेही सांगा, शाफ्टवाला विचारतोय.

ब्रॅपबाबा_सिडनी

फ्लँज आहे. फोटो शनिवारी.